कोरडवाहू सोयाबीनवर समुद्रशेवाळाचा अर्क : ५७ टक्के वाढीच्या एका प्रयोगाचा अभ्यास

समुद्रशेवाळाच्या अर्काची फवारणी केल्याने सोयाबीनचे उत्पादन किती वाढते, या प्रश्नाच्या उत्तरात ५७ टक्के हा आकडा वारंवार पुढे येतो. आकडा खरा आहे. ‘साउथ आफ्रिकन जर्नल ऑफ बॉटनी’ या नियतकालिकात २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका शेतावरील प्रयोगातून तो आला, आणि भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ त्या प्रयोगात सहभागी होते. मात्र एखादा आकडा खरा असणे आणि तो आपल्या शेतात लागू पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या दोन गोष्टींमधले अंतर किती आहे आणि ते कशाने ठरते, हे पाहण्यासाठी हा एकच प्रयोग येथे सविस्तर तपासला आहे.

माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडतो. समुद्रशेवाळाचा अर्क स्वतः उत्पादन निर्माण करत नाही. ताणाच्या, म्हणजे पाणी कमी पडण्यासारख्या अडचणीच्या, काळात जे उत्पादन झाडाच्या हातून निसटणार असते, त्यातला काही भाग तो वाचवतो. त्यामुळे अर्काचा फायदा अर्काच्या गुणावर जितका अवलंबून असतो, तितकाच त्या शेतात नुकसान किती होणार होते यावरही अवलंबून असतो. २००९ च्या प्रयोगाकडे या नजरेने पाहिले की तो अधिक उपयोगी ठरतो, असे मला वाटते.

प्रयोगाची मांडणी

प्रयोग पावसाळी हंगामात, पूर्णपणे पावसावर अवलंबून असलेल्या सोयाबीनवर झाला. फवारणीसाठी कप्पाफायकस अल्वारेझी या लाल समुद्रशेवाळाचा रस वापरला होता. रसाच्या सात तीव्रता होत्या : ०, २.५, ५, ७.५, १०, १२.५ आणि १५ टक्के. ही टक्केवारी आकारमानाची आहे, म्हणजे १५ टक्क्यांच्या द्रावणात प्रत्येक १०० लिटरमागे १५ लिटर रस असतो. पिकावर दोन वेळा पानांवर फवारणी केली गेली.

दाण्याचे सर्वाधिक उत्पादन १५ टक्के तीव्रतेला मिळाले आणि ते अर्क न दिलेल्या पिकापेक्षा ५७ टक्क्यांनी जास्त होते. त्याखालोखाल १२.५ टक्के तीव्रतेला ४६ टक्के वाढ दिसली. काडाचे, म्हणजे दाणे सोडून उरणाऱ्या भागाचे वजनही १५ टक्क्यांनाच सर्वाधिक होते. नत्र, स्फुरद, पालाश आणि गंधक या चारही अन्नद्रव्यांचे पिकाने केलेले शोषण वाढले होते. प्रयोगाचा गाभा एवढाच आहे, आणि पुढची सगळी चर्चा याच चार निष्कर्षांवर उभी आहे.

फवारलेला पदार्थ नेमका कोणता

‘समुद्रशेवाळाचा अर्क’ हे एकाच पदार्थाचे नाव आहे असे समजून पुष्कळ गोंधळ होतो. बाजारातील बरेचसे अर्क ॲस्कोफायलम नोडोसम या उत्तर अटलांटिक किनाऱ्यावरील तपकिरी शेवाळापासून तयार होतात. त्यात शेवाळ पोटॅशियम हायड्रॉक्साइडसारख्या अल्कलीत तापवून विरघळवण्याची पद्धत सर्रास वापरली जाते. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील एक्लोनिया मॅक्सिमा या तपकिरी शेवाळाच्या पेशी मात्र उष्णता किंवा रसायन न वापरता दाबाच्या फरकाने फोडून अर्क काढतात. तपकिरी शेवाळात अल्जिनेट, लॅमिनारिन, फ्युकॉइडन आणि मॅनिटॉल असतात. लाल कप्पाफायकसमध्ये कॅराजिनन हा घट्टपणा आणणारा पदार्थ असतो. कच्चा माल वेगळा, काढण्याची रीत वेगळी, म्हणून हाती येणारा पदार्थही वेगळा असतो.

कप्पाफायकसचा रस मिळतो तो ताजे शेवाळ चिरडून आणि गाळून. मागे उरणारा चोथा कॅराजिनन काढण्यासाठी वापरला जातो. एकाच ताज्या शेवाळापासून कॅराजिनन आणि द्रवरूप खत अशी दोन्ही उत्पादने काढण्याची ही पद्धत भावनगरच्याच संस्थेने विकसित केली. तमिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्याच्या किनाऱ्यावर बांबूच्या तराफ्यांना शेवाळाचे तुकडे बांधून त्याची लागवड करतात आणि साधारण ४५ दिवसांत एक पीक निघते. (या शेवाळाचा दुसरा चेहराही सांगितला पाहिजे : मन्नारच्या आखातातील क्रुसडाई बेटाजवळ ते लागवडीतून निसटून प्रवाळांवर पसरल्याची नोंद झालेली आहे. शेतातला फायदा मोजताना ही किंमत विसरली जाऊ नये.)

या ताज्या रसात पोटॅशियम भरपूर असते. त्याशिवाय ऑक्झिन, सायटोकायनिन आणि जिबरेलिन या गटांतील संप्रेरके, तसेच ग्लायसिन बीटेन आणि कोलिन यांसारखी, ताणात पेशींना आधार देणारी संयुगे त्यात आढळली आहेत. १५ टक्के हे प्रमाण या न आटवलेल्या रसाचे आहे, हे लक्षात ठेवावे. हेक्टरी ५०० लिटर द्रावण फवारायचे धरले, तर एका फवारणीला ७५ लिटर आणि दोन फवारण्यांना १५० लिटर रस लागेल. बाजारातील संहत (दाट केलेले) द्रावण लिटरला ३ मिलि या प्रमाणात वापरले, तर तेवढ्याच द्रावणात एका फवारणीला दीड लिटर माल जातो. एका बाजूला ७५ लिटर आणि दुसऱ्या बाजूला दीड लिटर : दोन्हींना समुद्रशेवाळाचा अर्कच म्हणतात. संहत मालात घटक दाट असतात हे खरे, पण किती दाट आणि नेमके कोणते, हे कळल्याशिवाय पहिल्याचा ५७ टक्क्यांचा निष्कर्ष दुसऱ्याच्या डब्यावर चिकटवता येत नाही. या प्रकरणातली सर्वात सोपी आणि सर्वात जास्त होणारी चूक हीच आहे.

निष्कर्ष कसे वाचावेत

पहिली गोष्ट मात्रेची. १२.५ टक्क्यांना ४६ आणि १५ टक्क्यांना ५७, म्हणजे सर्वात वरच्या मात्रेपर्यंत उत्पादन चढतच होते. मात्रा वाढवत गेल्यावर उत्पादन आधी वाढते, मग स्थिरावते आणि पुढे घसरते, असा संप्रेरकयुक्त पदार्थांचा सामान्य आलेख असतो. या प्रयोगात त्या आलेखाचा चढ दिसला. माथा त्याच्या पलीकडे राहिला. त्यामुळे ‘१५ टक्के ही योग्य मात्रा’ असे म्हणण्यापेक्षा ‘तपासलेल्या मात्रांपैकी १५ टक्के सर्वात चांगली’ असे म्हणणे अचूक ठरेल. हा शब्दांचा खेळ नाही, कारण वापरणाऱ्याला शेवटच्या अडीच टक्के रसाचा, हेक्टरी ५०० लिटरच्या हिशेबाने दोन फवारण्यांत आणखी २५ लिटर रसाचा, खर्च करायचा की नाही हे ठरवायचे असते. तो खर्च ४६ वरून ५७ वर जाण्यासाठी आहे. शून्यावरून ५७ वर जाण्यासाठी नाही.

दुसरी गोष्ट शोषणाची. अन्नद्रव्यांचे शोषण वाढले, हे वाचल्यावर अर्कामुळे मुळे जास्त कार्यक्षम झाली असा अर्थ लगेच काढला जातो. मात्र शोषण काढतात ते पिकाचे कोरडे वजन आणि त्यातील अन्नद्रव्याचे प्रमाण यांचा गुणाकार करून. पीकच दीडपट झाले, तर त्यातील नत्राचे प्रमाण तसूभरही न वाढता नत्राचे शोषण दीडपट दिसेल. म्हणून शोषणातील वाढ हे उत्पादनवाढीचे कारण असू शकते, तशीच ती उत्पादनवाढीचा परिणामही असू शकते, आणि बहुधा दोन्ही एकमेकांना ढकलत असतात. सोयाबीनच्या बाबतीत हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे, कारण या पिकाची नत्राची भूक प्रचंड असते. एक टन दाण्यामागे जमिनीवरच्या झाडात सुमारे ८० किलो नत्र साठते, आणि त्यातला साधारण ५० ते ६० टक्के वाटा मुळांवरच्या गाठींतील जिवाणू हवेतून मिळवून देतात. दीडपट दाणे भरायला तितका जास्त नत्र कुठून तरी यावाच लागतो; म्हणजे गाठींचे काम अर्क दिलेल्या पिकात अधिक काळ किंवा अधिक जोमाने चालले असावे, किंवा पिकाने जमिनीतून जास्त नत्र घेतला असावा.

तिसरी गोष्ट काडाची. दाणे आणि काड दोन्ही एकाच मात्रेला सर्वाधिक निघाले. अर्काने केवळ फुलगळ थांबवली असती, तर दाणे वाढून काड जवळपास तेवढेच राहिले असते. दोन्ही वाढले याचा अर्थ संपूर्ण झाडच मोठे झाले, अन्न तयार करणारी पाने आणि ते साठवणाऱ्या शेंगा दोन्ही वाढल्या. कोरडवाहू पिकात असे चित्र तेव्हा दिसते, जेव्हा वाढीच्या आड येणारी एखादी अडचण सैल होते.

चौथी गोष्ट पोटॅशियमची, आणि मला तीच सर्वात अवघड वाटते. सातही मात्रा एकाच रसाच्या होत्या. त्यामुळे रस वाढवला की संप्रेरके वाढत होती, बीटेन वाढत होते आणि पोटॅशियमही वाढत होते. सोयाबीन हे पोटॅशियमचे भुकेले पीक आहे. दाण्यातून ते मोठ्या प्रमाणात शेताबाहेर जाते, आणि पर्णरंध्रांची, म्हणजे पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांची, उघडझाप तसेच पेशींतील पाण्याचा दाब सांभाळण्याचे काम पोटॅशियमच करते. मग वाढीचे श्रेय कोणाला द्यायचे? ते सोडवण्याचा मार्ग संशोधकांना माहीत आहे : रसाइतकेच पोटॅशियम देणारे साधे क्षार फवारलेला एक गट, रसाची राख करून तिच्या पाण्याची फवारणी दिलेला दुसरा गट आणि मूळ रसाचा तिसरा गट. राखेत खनिजे टिकतात आणि सेंद्रिय संयुगे जळून जातात, म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या गटातला फरक सेंद्रिय संयुगांचा धरता येतो. ज्याला अर्काचा खरा गुण जाणून घ्यायचा आहे, त्याने या प्रकारच्या तुलनेचा आग्रह धरावा. पोटॅशियममुळेच फायदा होत असेल तर तोही फायदाच आहे. फक्त तो मिळवण्याचे अधिक स्वस्त मार्ग उपलब्ध आहेत.

झाडात काय घडते

ताणाच्या वेळी अर्क झाडात काय करतो, याची चांगली माहिती सोयाबीनवरच झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासातून मिळते. २०१८ साली ‘एओबी प्लांट्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ॲस्कोफायलमचा व्यावसायिक अर्क दिलेल्या सोयाबीनच्या झाडांना पाण्याचा ताण दिला होता. अर्क मिळालेल्या झाडांच्या पानांत पाण्याचे सापेक्ष प्रमाण जास्त टिकले आणि त्यांची पर्णरंध्रे ताणातही अधिक उघडी राहिली. ताण संपून पाणी मिळाल्यावर सावरण्याच्या सुरुवातीच्या टप्प्यातही हाच फरक दिसला. ऑक्सिडीकरणविरोधी क्रिया वाढली होती आणि ताणाला प्रतिसाद देणाऱ्या अनेक जनुकांची अभिव्यक्ती बदलली होती.

त्या जनुकांपैकी दोन प्रकार समजून घेण्यासारखे आहेत. एक प्रकार ॲब्सिसिक आम्ल मोडणाऱ्या विकरांचा (एन्झाइमांचा) आहे. पाणी कमी पडले की झाडात हे संप्रेरक वाढते आणि पर्णरंध्रे मिटतात. पाणी वाचते, पण कर्बवायू आत येणे थांबते आणि अन्न तयार होणेही थांबते. दुसरा प्रकार ॲक्वापोरिनचा, म्हणजे पेशीपटलातून पाण्याची ये-जा घडवणाऱ्या प्रथिनांचा आहे. या दोन्ही यंत्रणा हलल्या, तर झाड पाण्याचा ताण सोसतानाही दार पूर्ण बंद करून बसत नाही आणि पाऊस आल्यावर लवकर कामाला लागते. कोरडवाहू शेतात दहाबारा दिवसांचा खंड पडून पुन्हा पाऊस येतो, तेव्हा याच लवकर सावरण्याला मोल असते.

याची दुसरी बाजूही आहे. पर्णरंध्रे उघडी ठेवणारे झाड पाणी खर्च करत असते. जमिनीत ओल शिल्लक असेल, तोवर हा खर्च परवडतो. खंड लांबला, हलक्या जमिनीतली ओल तळाला गेली, तर तेच धोरण अंगाशी येऊ शकते. अर्क जमिनीत पाणी घालत नाही. असलेले पाणी वापरण्याची झाडाची रीत तो बदलतो.

फुलगळीचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे. सोयाबीनला लागणाऱ्या फुलांपैकी आणि कोवळ्या शेंगांपैकी अनेकदा निम्म्याहून अधिक गळून जातात. ही गळ काही प्रमाणात झाडाची स्वतःची व्यवस्था आहे, कारण सगळ्या शेंगा भरण्याइतके अन्न त्याच्याकडे नसते. सोयाबीनच्या फुलोऱ्यावर सायटोकायनिन दिल्यास गळ कमी होते, हे पूर्वीच दाखवले गेले आहे, आणि शेवाळाच्या रसातील सायटोकायनिनचा संबंध येथे लावणे तर्काला धरून आहे. पण राखलेली प्रत्येक शेंग पुढे भरावी लागते. पाने पिवळी पडू लागली असतील, गाठींचे काम थांबले असेल, तर शेंगा जास्त आणि दाणे बारीक अशी अवस्था येते. म्हणून शेंगांची संख्या पाहून फवारणी यशस्वी झाली असे ठरवू नये. शंभर दाण्यांचे वजन सोबत पाहावे.

गाठींबद्दल एक शब्द. पाण्याच्या ताणात नत्र स्थिरीकरण प्रकाशसंश्लेषणाच्याही आधी मंदावते, इतके ते नाजूक आहे. लसूणघासावरच्या अभ्यासात ॲस्कोफायलमच्या अर्काने मुळांवरील गाठी वाढल्याचे दिसले आहे. सोयाबीनमध्ये पान तजेलदार राहिल्याने गाठींना साखरेचा पुरवठा चालू राहतो, हा मार्ग मला अधिक संभवनीय वाटतो, कारण २००९ च्या प्रयोगात फवारणी पानांवर होती आणि तरी नत्राचे शोषण वाढले होते.

तोच आकडा दुसऱ्या शेतात

आता मूळ प्रश्नाकडे येतो. २०२२ साली ‘फ्रंटियर्स इन प्लांट सायन्स’मध्ये जैव उत्तेजकांच्या, म्हणजे शेवाळाच्या अर्कासारख्या झाडाच्या क्रियांना चालना देणाऱ्या पदार्थांच्या, शेतावरील प्रयोगांचे एक एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. निकषांत बसणारे १८० अभ्यास त्यात घेतले होते आणि सर्व प्रकारच्या जैव उत्तेजकांचा मिळून सरासरी उत्पादनलाभ १७.९ टक्के निघाला. कोरडे हवामान आणि कमी सेंद्रिय पदार्थाच्या, खारट, अन्नद्रव्यांची चणचण असलेल्या किंवा वालुकामय जमिनी येथे लाभ जास्त होता. दुसऱ्या टोकाला, अमेरिकेत २०१९ आणि २०२० मध्ये १६ राज्यांत ४६ ठिकाणी सोयाबीनवर पानांवरून देण्याच्या खतांची चाचणी झाली आणि उत्पादनात वाढ क्वचितच मिळते असा निष्कर्ष निघाला. ती खते शेवाळाची नव्हती, हे स्पष्ट केले पाहिजे. पण ज्या पिकाला फारशी उणीव जाणवत नाही त्याच्या पानावर काही फवारून उत्पादन वाढवणे किती कठीण आहे, हे त्यातून दिसते.

५७, १७.९ आणि जवळजवळ शून्य, हे तिन्ही एकाच वेळी खरे कसे असू शकतात, हे एका काल्पनिक हिशेबाने समजते. एका शेताची त्या हंगामातली क्षमता हेक्टरी २,००० किलो धरा. पावसाच्या खंडाने तिथे १,००० किलोच निघणार आहे, म्हणजे १,००० किलो वाया जाणार आहे. अर्काने या नुकसानीतला ३० टक्के भाग वाचवला, तर ३०० किलो जास्त मिळतील आणि वाढ ३० टक्के दिसेल. शेजारच्या शेतात ओल पुरेशी आहे. क्षमता तीच, पण नुकसान केवळ २०० किलो आहे. अर्काने तिथेही नुकसानीचा ३० टक्के भाग वाचवला, म्हणजे ६० किलो. १,८०० किलोवर ही वाढ ३.३ टक्के होते. अर्क तोच, मात्रा तीच, गुणही तोच. बदलले ते नुकसान. आणि तिसऱ्या शेतात ताण इतका तीव्र असेल की झाडे शेंगा धरण्याआधीच कोलमडली, तर वाचवण्यासारखे काही उरत नाही आणि तिथेही लाभ शून्याकडे जातो. सर्वाधिक फायदा या दोन टोकांच्या मधे, सोसण्याजोग्या पण खऱ्याखुऱ्या ताणात असतो. २००९ चा कोरडवाहू प्रयोग याच मधल्या पट्ट्यात बसतो, असे त्याच्या निष्कर्षांवरून मी समजतो.

याच कारणाने टक्केवारीपेक्षा किलोत बोलणे योग्य. मुळात कमी उत्पादन असलेल्या शेतात थोडी वाढही टक्क्यांत मोठी दिसते. फवारणीचा एकूण खर्च, म्हणजे अर्क, मजुरी आणि पाणी, किती किलो सोयाबीन विकून भरून येतो हे आधी काढावे आणि अपेक्षित वाढ त्या किलोंशी ताडून पाहावी. कीटकनाशकाच्या फवारणीसोबत अर्क देता आला, तर मजुरीचा भाग गळतो आणि हिशेब बदलतो. मात्र अल्कलीने काढलेल्या अर्काचे द्रावण अल्कधर्मी असू शकते आणि काही कीटकनाशके तशा द्रावणात लवकर निकामी होतात. म्हणून आधी बाटलीत थोडे मिश्रण करून साका बसतो का ते पाहावे आणि द्रावणाचा सामू (पीएच) तपासावा.

फवारणीची वेळ

वरच्या विवेचनातून वेळेचे उत्तर जवळपास आपोआप निघते. सोयाबीनच्या अवस्था नोंदवण्याची जी पद्धत १९७७ पासून जगभर वापरली जाते, तिच्यात फुलोऱ्याच्या सुरुवातीला आर-१, शेंगा धरू लागण्याला आर-३ आणि दाणे भरू लागण्याला आर-५ म्हणतात. उत्पादन सर्वात जास्त ठरते ते शेंगा धरणे आणि दाणे भरणे या काळात. पहिली फवारणी फुलोरा सुरू होताना आणि दुसरी शेंगा धरताना, ही मांडणी झाडाच्या गरजेला धरून आहे. दाणे भरत आल्यावर केलेल्या फवारणीने पाने थोडी अधिक हिरवी दिसतील, परंतु शेंगांची संख्या तोवर ठरून गेलेली असते.

पावसाच्या अंदाजाकडेही पाहावे. झाडाला ताणाची तयारी करायला वेळ लागतो, म्हणून खंड पडण्याची चिन्हे दिसताच, पाने मलूल होण्याच्या आधी दिलेली फवारणी उपयोगी पडते. पाने कोमेजल्यावर रंध्रे मिटलेली असतात, पानावरचे द्रावण पटकन वाळते आणि आत फार कमी जाते. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर फवारावे, हा सर्वांना ठाऊक असलेला सल्ला येथे दुप्पट महत्त्वाचा आहे.

डब्यात काय आहे, याची खात्री

भारतात २०२१ साली खत (नियंत्रण) आदेशात दुरुस्ती होऊन जैव उत्तेजक प्रथमच त्या आदेशाच्या कक्षेत आले. समुद्रशेवाळाचे अर्क वनस्पतिजन्य अर्कांच्या गटात मोडतात. आदेशातील व्याख्येनुसार जैव उत्तेजकाचे काम झाडातील शरीरक्रियांना चालना देऊन अन्नद्रव्यांचे शोषण, वाढ, उत्पादन, गुणवत्ता आणि ताण सोसण्याची क्षमता वाढवणे हे आहे; कीटकनाशके आणि १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली येणारी वाढ नियंत्रके त्यातून वगळली आहेत. कीटकनाशकांचा अंश ०.०१ पीपीएमच्या (दशलक्ष भागांत ०.०१ भागाच्या) वर नसावा, अशी मर्यादाही घातली आहे. माझ्या मते वाढ नियंत्रके वगळणे फार मोलाचे आहे. शेवाळात संप्रेरके नैसर्गिकरीत्या असतात; अर्कात वरून कृत्रिम संप्रेरक मिसळले तर झाडाची वाढ झटकन दिसते, आणि वापरणारा त्या वाढीचे श्रेय शेवाळाला देतो. घेताना शेवाळाची जात, अर्काचे प्रमाण आणि नोंदणीचा उल्लेख डब्यावर आहे का, हे पाहणे हा हक्कही आहे आणि गरजही.

शेतावर पडताळणी

५७ टक्क्यांचा प्रयोग आपल्या जमिनीत काय सांगतो, हे जाणण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे तो लहान प्रमाणात स्वतः करणे. अर्ध्या शेतात अर्क आणि अर्ध्यात काहीच नाही, ही रीत टाळावी. शेताच्या एका बाजूला जमीन खोल असते, दुसरीकडे पाणी साचते, आणि मग जमिनीचा फरक अर्काच्या नावावर जमा होतो. त्याऐवजी शेतात आडवे पट्टे पाडून एकाआड एक पट्ट्याला अर्क द्यावा आणि अशा किमान चार जोड्या ठेवाव्यात. तुलनेच्या पट्ट्यांवर त्याच दिवशी, त्याच पंपाने, त्याच नोझलने साधे पाणी फवारावे, कारण फवारणीसाठी पिकात शिरल्याने होणारी झाडांची मोडतोड आणि पानांवर पडणारा ओलावा दोन्हीकडे सारखा हवा. जमल्यास आणखी एक पट्टा अर्काइतकेच पोटॅशियम देणाऱ्या विद्राव्य खताचा ठेवावा. वर मांडलेला चौथा प्रश्न तोच पट्टा सोडवेल.

पावसाची नोंद रोज ठेवावी आणि खंड कोणत्या अवस्थेत पडला ते लिहून ठेवावे. शेंगा पक्व झाल्यावर प्रत्येक पट्ट्यातून कुठलीही निवड न करता दहा झाडे घेऊन शेंगा मोजाव्यात. काढणी आणि मळणी पट्टेवार वेगळी करावी, बांधालगतच्या ओळी मोजणीतून वगळाव्यात आणि वजन करताना दाण्यातील ओलावा मोजून सर्व पट्टे एकाच ओलाव्यावर आणावेत. अर्क दिलेले पीक काही दिवस अधिक हिरवे राहिले असेल, तर त्याचे दाणे ओले असतात आणि नुसत्या वजनाने ते जास्त भरल्याचा भास होतो.

शेवटी चारही जोड्यांतील फरक शेजारी शेजारी लिहून पाहावेत. चारही जोड्यांत अर्काचा पट्टा पुढे असेल आणि फरकाचे किलो फवारणीच्या खर्चाच्या किलोंपेक्षा जास्त असतील, तर पुढच्या हंगामात क्षेत्र वाढवण्यास आधार आहे. दोन जोड्यांत पुढे आणि दोन जोड्यांत मागे असे झाले, तर सरासरी काहीही आली तरी तो जमिनीच्या चढउताराचा खेळ समजावा आणि आणखी एक हंगाम, शक्यतो वेगळ्या पावसाचा, तीच मांडणी पुन्हा करावी. पाऊस वेळेवर झालेल्या वर्षी फरक दिसला नाही, तर तेवढ्यावरून अर्क निकामी ठरवू नये. त्या वर्षी वाचवण्याजोगे नुकसानच कमी होते, आणि पावसाच्या नोंदवहीत त्याचे कारण लिहिलेले असेल.